‘द हंड्रेड’ : विज्ञानाला किती सूट द्यायची आणि हात कुठे आखडायचा?

संथप्रेक्षक (प्रश्न)

‘द हंड्रेड’ ही मालिका मार्च २०१४ मध्ये सुरू झाली आणि सप्टेंबर २०२० मध्ये सातव्या पर्वाबरोबर संपली. मी ती बरीच उशिरा हाती घेतली आणि नुकतेच पाचवे पर्व संपवले. चर्चेत तेथपर्यंतचे कथानक उघड होणार आहे, तेव्हा ज्यांना मालिका अजून पाहायची आहे त्यांनी येथूनच मागे फिरावे.

ज्यांना ती पाहून बराच काळ लोटला आहे त्यांच्यासाठी मूळ गृहीतक थोडक्यात सांगतो. अणुयुद्धात पृथ्वी होरपळून ९७ वर्षे उलटली आहेत. बारा देशांची अवकाशस्थानके एकमेकांना जोडून ‘आर्क’ नावाची वसाहत तयार झाली आहे आणि दोन हजारांवर माणसे तेथे दाटीवाटीने जगत आहेत. प्राणवायूची यंत्रणा मोडकळीस आल्यामुळे तेथील कारभारी शंभर अल्पवयीन कैद्यांना, पृथ्वी राहण्याजोगी झाली आहे की नाही हे पाहण्यासाठी, खाली धाडतात. खाली उतरल्यावर कळते की पृथ्वीवरची माणसे संपलेलीच नव्हती. जंगलात टोळ्या आहेत, त्यांचे सेनापती आहेत, त्यांची युद्धे आहेत, आणि एका डोंगराच्या पोटातील जुन्या सरकारी बंकरमध्ये नीटनेटक्या कपड्यांत टेबलावर जेवणारी आणखी एक जमात आहे.

एवढे सारे मी विनातक्रार मान्य करतो. विज्ञानकथेला सुरुवातीलाच एक मोठी थाप मारण्याची मुभा असते आणि ती थाप पचवूनच आपण पुढे पाहत राहतो. माझी अडचण त्यानंतरची आहे. काही गोष्टी अशक्यप्राय असूनही मला खटकल्या नाहीत, तर काही वरवर किरकोळ वाटणाऱ्या गोष्टींनी माझा विश्वास साफ उडवला. आर्कला खिडक्या आहेत, आणि पात्रे त्या खिडक्यांतून पृथ्वीकडे पाहत उसासे टाकतात. मग ९७ वर्षांत एकाही माणसाला पृथ्वीच्या अंधाऱ्या बाजूवर एकही जाळ दिसला नसेल काय? आजचे उपग्रह जंगलातले वणवे आणि शेतात पेटवलेले काड रोजच्या रोज टिपतात. तिसऱ्या पर्वात तर टोळ्यांची राजधानी दाखवली आहे आणि तिच्या उंच मनोऱ्याच्या टोकावर चक्क ज्वाळा तेवत असते. बारा देशांच्या स्थानकांवर मिळून एकही धड दुर्बीण नसावी, आणि शंभर मुलांना मरणाच्या दारात ढकलण्यापूर्वी एखादा साधा किरणोत्सर्गमापक पॅराशूटला बांधून खाली सोडावा हे कोणालाही सुचू नये, हे काही माझ्या गळी उतरत नाही.

तर प्रश्न असा, की तुम्हाला ही मालिका नेमकी कुठे पटली आणि कुठे तिचे आणि तुमचे फाटले? किरणोत्सर्ग आणि प्राणवायू या दोन गोष्टींवर तिचा सगळा डोलारा उभा आहे, म्हणून त्यांविषयी जाणकारांचे मत विशेष हवे आहे. ‘मालिकाच आहे, सोडून द्या’ हे उत्तर मला ठाऊक आहे; ते कृपया पुन्हा देऊ नये.

गामामापक (प्रतिसाद)

मी किरणोत्सर्गापुरतेच बोलतो, कारण माझा व्यवसाय त्याच्या मोजमापाशी निगडित आहे.

९७ वर्षांनी उतरलेली मुले जिवंत राहतात, यात अवैज्ञानिक असे काहीही नाही. अणुस्फोटानंतर खाली बसणाऱ्या किरणोत्सारी धुळीचा जोर आरंभी झपाट्याने ओसरतो. ढोबळ नियम असा, की काळ सातपट झाला की तीव्रता दहापट घटते; पहिल्या तासाच्या शेवटी जी तीव्रता असते तिचा सात तासांनी दहावा, दोन दिवसांनी शंभरावा आणि दोन आठवड्यांनी हजारावा हिस्सा उरतो. त्यानंतर दीर्घकाळ रेंगाळतात ती प्रामुख्याने सीझियम-१३७ आणि स्ट्रॉन्शियम-९० ही मूलद्रव्ये. दोहोंचे अर्धायुष्य, म्हणजे साठा निम्मा होण्यास लागणारा काळ, तीस वर्षांच्या आसपास आहे, म्हणजे ९७ वर्षांत तिनाहून थोडी अधिक अर्धायुष्ये सरतात आणि मूळ साठ्याचा साधारण नववा हिस्सा शिल्लक राहतो. पावसाने धूळ वाहून जेथे साचली अशा खोलगट जागी तो त्रासदायक ठरेल, आणि तेथील अळंबी किंवा रानडुकराचे मांस खाऊ नये असेच मी सांगेन; परंतु जंगल हिरवे असेल, त्यात हरणे असतील आणि माणूसही राहू शकेल. चेर्नोबिलची चौथी अणुभट्टी २६ एप्रिल १९८६ रोजी फुटली, तरी त्याच आवारातील शेवटची भट्टी डिसेंबर २००० पर्यंत चालू होती आणि कामगार तेथे पाळीवर येत होते. पहिल्या भागातले दोन तोंडांचे हरीण मात्र निव्वळ सजावट आहे. असा गर्भ बहुधा जन्मालाच येत नाही, आणि आलाच तर लवकरच कोणाचे तरी भक्ष्य होतो. तो निवांत चरत प्रौढ होत नाही.

डोंगरातल्या बंकरविषयी मात्र मी एवढा उदार होऊ शकत नाही. ‘माउंट वेदर’ हे ठिकाण व्हर्जिनिया राज्यात खरोखर आहे आणि ते अमेरिकी सरकारचे आणीबाणीचे केंद्र म्हणूनच ओळखले जाते, त्यामुळे निवड चपखल आहे. परंतु मालिकेतील तेथल्या रहिवाशांना बाहेरची हवा लागताच कातडीवर फोड येतात आणि काही मिनिटांत ते मरतात, तर त्याच हवेत दाराबाहेर टोळ्यांची माणसे उघड्या अंगाने लढत असतात. किरणोत्सर्गाने माणूस असा मरतच नाही. मे १९४६ मध्ये लॉस अलामॉस येथे लुईस स्लॉटिन या भौतिकशास्त्रज्ञाच्या हातून प्लुटोनियमच्या गोळ्यावरील प्रयोगात चूक झाली आणि क्षणार्धात त्याने प्राणघातक मात्रेहून कितीतरी अधिक किरणोत्सर्ग झेलला. तरीही तो स्वतःच्या पायांनी बाहेर आला आणि त्याचा मृत्यू नऊ दिवसांनी झाला. आधी उलट्या, मग बरे वाटत असल्याचा फसवा काळ, मग रक्तपेशींची घसरण आणि आतड्याच्या अस्तराचा नाश, असा तो क्रम असतो. मिनिटांत मारणारी तीव्रता जर बाहेर असती, तर तिची ‘सवय’ झालेली माणसेही त्याच दिवशी संपली असती. माणसामाणसांत संवेदनशीलतेचा फरक जरूर असतो, पण तो शेकडोपटींचा नसतो, आणि चार पिढ्यांत नैसर्गिक निवड तो घडवून आणू शकत नाही.

बाहेर जगता यावे म्हणून हे बंकरवासी आर्कवरून आलेल्यांची अस्थिमज्जा स्वतःत बसवून घेऊ पाहतात. ही कल्पना लेखकांनी हवेतून आणलेली नाही, हे त्यांच्या बाजूने सांगितले पाहिजे. १९५८ मध्ये युगोस्लाव्हियातील व्हिंचा येथे अणुभट्टीच्या अपघातात सापडलेल्या सहा जणांना पॅरिसला नेण्यात आले आणि त्यांपैकी पाच जणांना जॉर्ज माते यांनी परक्या दात्यांची अस्थिमज्जा दिली. सहांपैकी एक जण दगावला. त्या मज्जेचा प्रत्यक्षात किती उपयोग झाला याविषयी पुढे तज्ज्ञांत मतभेद झाले, पण उपचार म्हणून ती कल्पना तेव्हापासून वैद्यकात आहे. मात्र मज्जा बसवली तर रक्त तयार होण्याची क्षमता परत येते, तीही दाता जुळला तर. तिच्यामुळे कातडी आणि आतडी यांच्याभोवती चिलखत उभे राहत नाही. मालिकेत ती थेट लशीसारखी वापरली आहे.

तरीही माझ्या दृष्टीने सर्वांत मोठी फट चौथ्या पर्वात आहे. ज्यांना ९७ वर्षे कोणी हात लावलेला नाही अशा अणुभट्ट्या तेथे एकाएकी वितळू लागतात. भट्टी बंद झाल्यावरही इंधनातून उष्णता निघत राहते, हे खरे आहे. बंद होताक्षणी ती पूर्ण क्षमतेच्या सहा-सात टक्के असते, तासाभराने दीड टक्क्याच्या आसपास येते आणि एका दिवसाने अर्ध्या टक्क्याच्याही खाली जाते. म्हणूनच धोका असतो तो पहिल्या तासांचा आणि दिवसांचा. फुकुशिमात ११ मार्च २०११ रोजी त्सुनामीमुळे वीज गेली आणि अवघ्या काही दिवसांत तीन भट्ट्यांचे गाभे वितळले. युद्धात माणसे मेली आणि पंप थांबले, तर जे काही व्हायचे ते त्याच वर्षात होऊन गेले असते. त्यासाठी पणतवंडांचा जन्म होईपर्यंत भट्ट्या थांबल्या नसत्या. इतक्या काळाने इमारत ढासळू शकते, गळती होऊ शकते, भोवतालचे पाणी नासू शकते. सबंध पृथ्वीवरून आगीची भिंत धावत जाऊ शकत नाही. लेखकांना मुदत हवी होती आणि तिच्यासाठी जे कारण हाताशी सापडले ते त्यांनी दामटले, असे माझे स्पष्ट मत आहे.

बंदझडप (प्रतिसाद)

आर्कवरचे संकट मला या मालिकेतील सर्वांत प्रामाणिक गोष्ट वाटते, जरी लेखकांनी त्यासाठी भलत्याच वायूचे नाव पुढे केले असले तरी.

माणसाला दिवसाकाठी सुमारे ०.८४ किलो ऑक्सिजन लागतो. दोन हजार माणसे धरली तर हा आकडा पावणेदोन टनांच्या घरात जातो. तो भयावह वाटतो, पण वीज आणि पाणी असेल तर विद्युत अपघटनाने ऑक्सिजन मिळवता येतो आणि आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानकावर तो तसा मिळवलाही जातो. बंद जागेत आधी जीव घेतो तो कार्बन डायऑक्साइड. एप्रिल १९७० मध्ये अपोलो-१३ ची टाकी फुटल्यावर तिघे अंतराळवीर चांद्रयानात आसऱ्याला गेले, तेव्हा तेथे ऑक्सिजन पुरेसा होता. जीव टांगणीला लागला तो कार्बन डायऑक्साइड शोषणाऱ्या डब्यांमुळे, कारण मुख्य यानातले चौकोनी डबे चांद्रयानाच्या गोल खाचेत बसत नव्हते, आणि शेवटी अंतराळपोशाखाच्या नळ्या, प्लास्टिकच्या पिशव्या, पुठ्ठा आणि चिकटपट्टी यांच्या साहाय्याने ते जोडावे लागले. आर्कवर असा एखादा प्रसंग, की ज्यात कोणी अभियंता जुळत नसलेले दोन भाग मांडीवर घेऊन बसला आहे, मला पाहायला आवडला असता.

वायूंचा हा फरक केवळ पंडिती नाही. माणसाला गुदमरल्याची जाणीव होते ती ऑक्सिजन घटल्यामुळे नव्हे, तर कार्बन डायऑक्साइड वाढल्यामुळे. जेथे नुसता ऑक्सिजन कमी होत जातो तेथे माणसाला फारसे काही कळत नाही. तो गोंधळतो, सुस्तावतो आणि बेशुद्ध होतो. जेथे शोषक यंत्रणाच बंद पडते तेथे डोके ठणकते, धाप लागते, जीव घाबरा होतो. पहिल्या पर्वात इतरांना हवा पुरावी म्हणून ३२० माणसे स्वेच्छेने मरण पत्करतात. त्या विभागात नेमके काय बंद केले गेले यावर त्यांचे शेवटचे तास कसे जातील हे ठरणार होते, आणि लेखकांनी ते कधीच ठरवले नाही.

त्याच प्रसंगाचा हिशेबही करून पाहावा. दोन हजारांतून ३२० वजा केले तर हवेचा वापर फार तर सोळा टक्क्यांनी घटतो. दहा महिने पुरणारा साठा त्यामुळे सुमारे बारा महिने पुरेल. यंत्रणाच कोलमडत असताना दोन महिन्यांसाठी एवढे जीव द्यावेत काय, हा प्रश्न मालिकेने मोठ्याने विचारायला हवा होता. आणि तरीही मला तो निर्णय पटतो, कारण घाबरलेले मंडळ जे मोजता येते तेच करते. माणसे मोजता येतात. हाच कारभार त्याआधी बिघाडाची गोष्ट जाहीर करायला निघालेल्या अभियंत्याला, म्हणजे नायिकेच्या वडिलांना, अवकाशात ढकलून देतो. ज्याला यंत्रणा कळते त्यालाच मारणे हा तांत्रिकदृष्ट्या मूर्खपणा आहे, परंतु तो मूर्खपणा मला खोटा वाटला नाही.

बंद यंत्रणा कशा दगा देतात याचे उत्तम उदाहरण अॅरिझोनातील ‘बायोस्फिअर २’ हे आहे. सप्टेंबर १९९१ मध्ये आठ माणसे त्या सीलबंद काचघरात दोन वर्षांसाठी शिरली. आत झाडे होती, शेती होती, लहानसा समुद्रही होता. तरीही हवेतील ऑक्सिजन २०.९ टक्क्यांवरून घसरत सुमारे साडेचौदा टक्क्यांवर आला आणि जानेवारी १९९३ मध्ये तो बाहेरून सोडावा लागला. कारण गमतीचे होते. सुपीक मातीतले सूक्ष्मजीव ऑक्सिजन खात होते आणि त्यातून निघालेला कार्बन डायऑक्साइड झाडांच्या वाट्याला येण्याऐवजी बांधकामातील काँक्रीट शोषून घेत होते. म्हणजे चोर भिंतीत होता. आर्कवरच्या बिघाडाला असा एखादा अनपेक्षित, शोधून काढावा लागणारा उगम दिला असता, तर पहिले पर्व कितीतरी भरीव झाले असते. मालिकेत यंत्रणा ‘बिघडली आहे’ एवढेच कळते.

गळतीचा मुद्दा राहतो. कोणतेही अवकाशस्थानक शंभर टक्के हवाबंद नसते. हवा थोडी थोडी झिरपतच असते, आणि तिच्याबरोबर नायट्रोजनही जातो, जो पाण्यापासून बनवता येत नाही. पाण्याचा पुनर्वापर ९८ टक्क्यांपर्यंत नेल्याचे नासाने २०२३ मध्ये जाहीर केले, पण उरलेले दोन टक्के ९७ वर्षे रोज निघून गेले तर भरून कोठून काढणार? गुरुत्वाकर्षणाबद्दल मात्र कोणी तक्रार करू नये. आर्कची कडी फिरती दाखवली आहे, त्यामुळे मुले उतरताच धावू लागतात ते ठीकच आहे.

पूर्वरंग (प्रतिसाद)

वरील दोन्ही प्रतिसाद मी मन लावून वाचले. प्रेक्षक म्हणून मात्र माझा विश्वास अणुभट्टीमुळे उडत नाही. माणसे माणसांसारखी वागली नाहीत, तर उडतो. या मालिकेवर सर्वाधिक घेतला जाणारा आक्षेप असा आहे, की उतरल्यापासून थोड्याच दिवसांत ही मुले एकमेकांचा जीव घेऊ लागतात, एकाला तर खुनाच्या खोट्या संशयावरून फासावर लटकवतात, आणि एवढे अधःपतन इतक्या झटपट होत नसते.

हा आक्षेप घेणारे बहुधा टोंगाच्या सहा मुलांचा दाखला देतात, आणि तो दाखला खरा आहे. जून १९६५ मध्ये निवासी शाळेतून पळालेले सहा विद्यार्थी वादळात भरकटून आटा या निर्जन बेटावर पोहोचले आणि सप्टेंबर १९६६ पर्यंत तेथे राहिले. त्यांनी एकदा पेटवलेली चूल विझू दिली नाही, कामांच्या पाळ्या लावल्या, भांडण झाले की दोघांना एकमेकांपासून दूर पाठवले, आणि एकाचा मोडलेला पाय इतका नीट बसवला की तो बरा झाला. परंतु याच्या शेजारी पिटकेर्न बेटाचीही हकिकत ठेवली पाहिजे. १७९० मध्ये ‘बाउंटी’ जहाजावरचे नऊ बंडखोर खलाशी ताहिती आणि आसपासच्या बेटांवरील स्त्रीपुरुषांना घेऊन तेथे उतरले. जमीन सुपीक होती आणि बाहेरचा शत्रू नव्हता. १८०८ मध्ये एक अमेरिकी जहाज तेथे पोहोचले तेव्हा मूळच्या पुरुषांपैकी केवळ एक जण जिवंत होता. बाकीच्यांपैकी बहुतेक एकमेकांच्या हातून मेले होते. भोवती स्त्रिया आणि मुले तेवढी उरली होती.

दोन्ही बेटांत फरक निसर्गाचा नव्हता. टोंगाची मुले आधीपासून एकमेकांचे मित्र होती आणि त्यांच्यात मालक-गडी असा भेद नव्हता. पिटकेर्नवर जमीन खलाशांनी आपसात वाटून घेतली आणि बरोबर आणलेल्या पुरुषांना नोकर करून टाकले. आता शंभर मुलांकडे पाहा. ज्या कारभाराने कित्येकांच्या आईबापांना अवकाशात ढकलले त्याच कारभाराने त्यांना खाली फेकले आहे, आणि त्यांच्यात त्या कारभाराच्या प्रमुखाचा मुलगाही आहे. मारला जातो तो तोच. मला यात अतिशयोक्ती दिसत नाही. उलट पहिल्या पर्वातील हा भाग मालिकेने सर्वांत काळजीपूर्वक बांधला आहे असे मला वाटते.

टोळ्यांच्या भाषेवरही अनेकांचा आक्षेप असतो, की ९७ वर्षांत इंग्रजीतून एवढी वेगळी भाषा फुटणार नाही. ती डेव्हिड पीटरसन या भाषाकाराने रचलेली आहे, आणि मोठ्या, लिहित्या-वाचत्या समाजात असा बदल एवढ्या काळात होत नाही, हे मान्य. पण समाज लहान असेल, त्याचा बाहेरशी संबंध तुटला असेल आणि वेगवेगळ्या बोली बोलणारे एकत्र कोंडले गेले असतील तर गणित बदलते. पुन्हा पिटकेर्नच पाहा. खलाशांची अठराव्या शतकातील इंग्रजी आणि ताहितीची भाषा यांच्या मिश्रणातून तेथे काही पिढ्यांत स्वतंत्र बोली तयार झाली, जी आजही टिकून आहे. योद्ध्यांना शत्रूची इंग्रजी येते पण सामान्य माणसाला येत नाही, हा मालिकेतला तपशील तर मला फारच आवडला.

संथप्रेक्षक

पूर्वरंग, पिटकेर्नचा दाखला माझ्या ध्यानात नव्हता. त्या फाशीच्या प्रसंगाकडे आता मी निराळ्या नजरेने पाहीन. एक गोष्ट मात्र अजून कोणी काढलेली नाही. पाचव्या पर्वातील दुसऱ्या एका बंकरमध्ये सोयाबीनचे पीक रोगाने जाते आणि बाराशे माणसांना प्रथिनांसाठी मृतांचे मांस खाण्याची सक्ती होते. तो भाग पाहताना मी हादरलो, पण दुसऱ्या दिवशी मनात शंका आली, की हे आकड्यांत बसते का? कोणी हिशेब केला आहे का?

हिशेबनीस (प्रतिसाद)

विषय अप्रिय आहे, पण विचारलेच आहे म्हणून मांडतो. आकडे ढोबळ आहेत.

प्रौढ माणसाच्या शरीरात स्नायू साधारण पंचवीस ते तीस किलो धरावेत आणि त्यात प्रथिने पाचवा हिस्सा, म्हणजे पाच किलोंच्या आसपास. बाराशे माणसांना रोज प्रत्येकी वीस ग्रॅम, म्हणजे पुरेशा प्रमाणाच्या निम्म्याहूनही कमी, प्रथिने द्यायची म्हटली तरी चोवीस किलो लागतात. याचा अर्थ दिवसाला जवळजवळ पाच मृतदेह आणि वर्षाला सुमारे अठराशे. बंकरमध्ये मुळात माणसेच बाराशे आहेत. म्हणजे पीक पूर्ण बुडाले असेल आणि वर्षभर हाच आधार असेल, तर वर्ष संपण्याच्या बऱ्याच आधी बंकर रिकामा होईल. जितकी माणसे कमी होतील तितकी गरजही घटेल, पण त्याच वेगाने पुरवठाही आटेल.

१९७२ मध्ये अँडीज पर्वतात कोसळलेल्या विमानातील प्रवाशांशी या प्रसंगाची तुलना होते, आणि ती आकड्यांच्या बाबतीत दिशाभूल करते. त्या विमानात ४५ जण होते आणि ७२ दिवसांनी १६ जण परत आले. तेथे शेवटी जिवंतांपेक्षा मृतांची संख्या मोठी होती, बर्फामुळे देह टिकले, आणि काळ अडीच महिन्यांहून कमी होता. बंकरमध्ये या तिन्ही गोष्टी उलट आहेत. लेखकांनी वर्षाऐवजी काही आठवड्यांचा काळ घेतला असता आणि उरलेल्या पिकाला जोड म्हणून हा आहार दाखवला असता, तर हिशेब कसाबसा जमला असता आणि प्रसंगाची धारही कमी झाली नसती.

त्या भागातला सक्तीचा युक्तिवाद मात्र पक्का आहे. काहींनी खाल्ले आणि काहींनी नाकारले तर नाकारणारे आधी दुबळे होतात, मग मरतात, आणि शेतीची कामे करायला पुरेसे हात उरत नाहीत. म्हणून सर्वांनी खाल्लेच पाहिजे, असा तो युक्तिवाद आहे. बंकरची प्रमुख ऑक्टाविया ज्या थंडपणाने तो अमलात आणते त्यामुळे मी तो भाग दुसऱ्यांदा पाहू शकलो नाही. चुकीच्या गणितावर उभा असलेला एवढा खरा प्रसंग मी दुसरा पाहिलेला नाही.

भुकेचाच विषय निघाला आहे म्हणून पहिल्या पर्वाबद्दलही सांगतो. शंभर किशोरवयीन मुलांना दिवसाला प्रत्येकी दोन हजार उष्मांक धरले तर दोन लाख उष्मांक होतात. मध्यम आकाराच्या हरणातून वीस-पंचवीस किलो निव्वळ मांस मिळते आणि हरणाचे मांस अतिशय कमी चरबीचे असल्यामुळे त्यातून तीस हजारांच्या आतच उष्मांक हाती लागतात. म्हणजे रोज किमान सात हरणे. ज्यांनी आयुष्यात कधी प्राणी पाहिलेला नाही अशी मुले, भाले घेऊन, रोज सात हरणे मारतात? आणि मारलीच, तरी निव्वळ चरबीहीन मांसावर माणूस आठवड्याभरात आजारी पडू लागतो. मांस धुरावर सुकवायची झोपडी जळते तो एक प्रसंग सोडला, तर अन्न कोठून येते याची विवंचना कोणालाच नाही. प्रेमप्रकरणांना जेवढा वेळ दिला आहे त्याच्या चौथाई वेळ जरी कंदमुळे खणण्यात घालवला असता, तरी मी समाधान मानले असते.

बंदझडप

हिशेबनीस यांच्या मांडणीला एक पुरवणी जोडतो, कारण त्याच पाचव्या पर्वात याच्या नेमके उलट उदाहरण आहे. पृथ्वी दुसऱ्यांदा जळाल्यावर सात जण आर्कच्या उरलेल्या कड्यात सहा वर्षे काढतात आणि शेवाळावर जगतात. सायबेरियातील क्रास्नोयार्स्क येथील ‘बायोस-३’ या सोव्हिएत प्रयोगात, क्लोरेला शेवाळाचा सुमारे आठ चौरस मीटर प्रकाशित पृष्ठभाग एका माणसाची हवा शुद्ध ठेवायला पुरतो असे आढळले होते. सात जणांना छप्पन्न चौरस मीटर, म्हणजे त्या कड्यातली एक मोठी खोली. हवेचा प्रश्न त्यात सुटतो. अन्न म्हणून मात्र क्लोरेला नुसती खाणे कठीण असते. तिची पेशीभित्ती जाड असल्यामुळे ती नीट पचत नाही. मालिकेत शेवाळाचा पहिला घाणा खाऊन मर्फी बेशुद्ध पडतो आणि पुढे सर्वजण तोंड वाकडे करत तेच गिळतात. हे लेखकांनी अभ्यासाने लिहिले की सहज जमून गेले, कोण जाणे, पण सबंध मालिकेत जगण्याचा एवढा पटणारा तपशील दुसरा नाही. सातच माणसे असल्यामुळे तो जमला, हेही खरे. बाराशे किंवा दोन हजार माणसे घेतली की प्रत्येक लहान चूक तितक्या पटींनी वाढते आणि उघडी पडते.

राहता राहिला संथप्रेक्षक यांचा दुर्बिणीचा प्रश्न, ज्याला आतापर्यंत सर्वांनीच बगल दिली आहे. मालिकेत त्याला उत्तर नाही. मी पहिले पर्व याच शोधात पुन्हा पाहिले आहे. ते देणे अवघड मात्र मुळीच नव्हते. युद्धानंतर वर गेलेली काजळी आणि नंतरचे दाट ढग यांमुळे जमीन कधी दिसतच नाही, एवढे एक वाक्य कोणाच्याही तोंडी घातले असते तर दुर्बीण, जाळ, मनोऱ्यावरची ज्वाळा, सगळेच प्रश्न मिटले असते, आणि मुलांना डोळे मिटून खाली धाडण्यालाही कारण मिळाले असते. किरणोत्सर्गमापक पॅराशूटने सोडण्याचा प्रश्न तेवढा उरला असता. पण पहिल्याच भागात खिडकीबाहेर स्वच्छ निळी-हिरवी पृथ्वी दाखवायचा मोह लेखकांना आवरला नाही, आणि ती वाट त्यांनी स्वतःच बंद करून घेतली.